पांढरी एक

"मामा, तुला एकच पट्टी वाजवायची आहे," असं भाची म्हणाली, तेव्हा मी विचारायला हवं होतं, "किती वेळ?"

तीस वर्षं मी मालवण-कुडाळच्या भजनांत पेटी वाजवतोय. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, बुवा ऐनवेळी पट्टी बदलतात, तेव्हासुद्धा गडबडलो नाही. एका पट्टीचं ते काय कौतुक! वर भाचीने लोणी लावलं. टेरी रायली नावाच्या अमेरिकन संगीतकाराच्या 'इन सी'ला 60 वर्षं झाली, म्हणून कॉलेजात ते बसवतायत. सी म्हणजे पेटीवरची आपली पांढरी एक. आणि हा रायली पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. किराणा म्हटल्यावर मी विरघळलोच.

मग तिने कागद दाखवला. अख्खी रचना एका पानावर! छोटे छोटे 53 तुकडे. प्रत्येकाने ते क्रमाने वाजवायचे, एकेक तुकडा मनाला येईल तितक्या वेळा. वाद्य कुठलंही, माणसं कितीही. फक्त फार पुढे पळायचं नाही, फार मागे रेंगाळायचं नाही. थोडक्यात आमच्या वाडीची बैठक, पण सुरात.

"आणि माझा तुकडा कुठला?"

"तुला तुकडा नाही. तू वरचा सा धरायचा. टक टक टक टक. सगळे तुझ्यावर चालणार."

हा सा मूळ कागदावर नव्हताच. 1964 साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्या प्रयोगाच्या तालमीत वादक एकमेकांना सापडेनात, तेव्हा त्यांच्यातल्याच स्टीव्ह राइखने सुचवलं, कुणीतरी एक सूर सारखा ठोकत राहा. माणूस पुढे मोठा संगीतकार झाला म्हणतात. होईना का. बोट माझं सुजलं.

फ्लेक्सवाल्याला कार्यक्रमाचं नाव फोनवर सांगितलेलं. त्याने 'इन सी'च्या मागे सिंधुदुर्ग किल्ला, एक होडी आणि दोन पापलेटं टाकली. अध्यक्षांनी तो फ्लेक्स बघून भाषण केलं. पंधरा मिनिटं मासळीचा दुष्काळ आणि पर्ससीन जाळ्यांची मासेमारी. टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळी तेवढंच सगळ्यांना कळलं.

मग मी सुरू झालो. बासरी, दोन व्हायोलिनं, गिटार, कीबोर्ड, लग्नाच्या बँडातला एक क्लॅरिनेट. पहिली दहा मिनिटं, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. तुकड्यात तुकडा अडकून लाटेवर लाट यावी तसं काहीतरी व्हायचं, जे कुणीच वाजवत नव्हतं. विसाव्या मिनिटाला डास आला.

डावा हात भात्यावर, उजवा पांढरी एकवर. डासाला हे ठाऊक असावं. तो आधी भुवईवर बसला, मग निवांत चालत नाकाच्या शेंड्यावर आला आणि तिथे जेवायला बसला. मी फुंकर मारली. बासरीवाल्याला वाटलं खूण केली, तो दोन तुकडे पुढे गेला.

पहिल्या रांगेत कुणाचीतरी आजी होती. ती शेजारणीला चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "अजून सूरच लावतत. भजन कधी चालू करतले?"

पन्नासाव्या मिनिटाला सगळे त्रेपन्नावर पोचले. एक कीबोर्डवाला सोडून. डोळे मिटून तो पस्तिसावा तुकडा घोळत होता. कागदावरचा तोच सगळ्यात लांब. नियम असा की शेवटचा माणूस येईपर्यंत सगळ्यांनी त्रेपन्नावर थांबायचं. क्लॅरिनेटवाला त्याच्याकडे असा बघत होता, जसं वऱ्हाडी उशिरा आलेल्या नवरदेवाकडे बघतात.

आणि लाईट गेली.

वीज कंपनीला आयुष्यात पहिल्यांदा मनातून दुवा दिला. कीबोर्ड बंद, विषय संपला! पण भाची अंधारात कुजबुजली, "मामा, थांबू नको." पेटीला वीज लागत नाही, हा तिचा दोष मला त्या दिवशी कळला. चार मिनिटांनी लाईट आली आणि त्या प्रामाणिक पोराने पस्तिसावा तुकडा पुन्हा पहिल्यापासून घेतला.

एकूण 62 मिनिटं. मिनिटाला अडीचशे धरले तर साडेपंधरा हजार सा. एकेक करत सगळे गळले आणि शेवटी मी एकटा उरलो. टक, टक. हळूच बोट उचललं. सभागृह चिडीचूप. टाळी वाजवावी की नाही, कुणालाच कळेना.

आजीने सुटकेचा श्वास टाकला.

"लागलो बाई एकदाचो सूर. आता भजन होऊंदे."