सुट्टीत वाचायच्या पुस्तकांची यादी मागू नका

गेल्या आठवड्यात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. शाळा संपली, कॉलेज सुरू व्हायला दोन-अडीच महिने आहेत, तर मुलाला सुट्टीत काय वाचायला देऊ? एखादी यादी पाठवता का? बरीच वर्षं पहिल्या वर्षाला शिकवतेय, तेव्हा माझ्याकडे यादी तयार असणार असं लोक गृहीत धरतात. नाहीये. करायचीही नाही.

यादीशी माझं जुनं वैर आहे. सतरा वर्षांची असताना मी स्वतःच एक केली होती. वहीच्या मागच्या पानावर एकवीस पुस्तकं आणि प्रत्येकासमोर टिक करायला एक चौकोन. सुट्टी संपली तेव्हा चार टिका झाल्या होत्या, त्यातल्या दोन खोट्या. बाकीची पुस्तकं विसाव्या-तिसाव्या पानाशी सुटलेली. ती तीस पानं मात्र मी पुढे वर्षभर मिरवली.

नव्याने कॉलेजात येणाऱ्या मुलांना माहिती कमी असते, असं मुळीच नाही. अडतं ते वेगळ्याच जागी. तीस पानांचं एक प्रकरण हातात दिलं आणि "परवा यावर बोलू" म्हटलं, की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "मॅडम, यातलं आयएमपी काय?" मी त्यांना दोष देत नाही. इतकी वर्षं कोणी ना कोणी त्यांच्यासाठी खुणा करून देत आलंय. कॉलेजात पेन्सिल पहिल्यांदा त्यांच्या हातात येते. मग काही जण पान कोरं सोडतात, तर काही जण पानभर पिवळा हायलायटर फिरवतात. दोन्हीचा अर्थ एकच, निवडता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की या सुट्टीत एकच पुस्तक घ्या. जरा अवघड, कुठल्याही परीक्षेला नसलेलं, आणि ते शेवटच्या पानापर्यंत वाचा. घेणार त्या विषयाचंच हवं असं नाही. अवघड म्हणजे किती? पानात एक-दोन वाक्यांशी अडायला होईल इतपत. ओळीओळीला ठेच लागत असेल तर खुशाल बदला, त्यात कमीपणा नाही. एकदाही अडला नाहीत तर ते पुस्तक प्रवासासाठी ठेवा.

पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेल्या मायकेल फॅरेडेचं उदाहरण मी दरवर्षी देते, मुलं कंटाळली तरी. शिक्षण जेमतेम, चौदाव्या वर्षी लंडनमध्ये एका बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं हा वाचायचा. विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याला तिथेच सापडला. जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्राचं पुस्तकही. ते एक बाई आणि त्यांच्या दोन विद्यार्थिनी यांच्या संवादांतून लिहिलेलं आहे. फॅरेडेने काय केलं, तर पुस्तकात लिहिलंय ते खरंच तसं होतं का, हे खिशाला परवडतील असे छोटे प्रयोग करून पाहिलं. माझ्या दृष्टीने खरं वाचन ते. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. चार व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, घरी येऊन ती आकृत्यांसकट नीट उतरवली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीला पाठवून दिली. १८१३ च्या मार्चमध्ये तो डेव्ही काम करायचा त्या रॉयल इन्स्टिट्यूशन या लंडनमधल्या विज्ञानसंस्थेत सहायक म्हणून रुजू झाला. टिपणं पाठवली की नोकरी मिळते, असं मी म्हणत नाही (एका मुलाने खरंच तसं विचारलं होतं). त्याच्याकडे पुस्तकं थोडीच होती. पण एकेकाला त्याने सोडलं नाही, एवढंच सांगायचंय.

आता रीत. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. न बघता. पहिल्या दिवशी चार ओळी होतील आणि स्वतःची लाज वाटेल. वाटू दे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. नंतर काही उतारे पुन्हा वाचायचे होते, तर काही न बघता आठवून लिहायचे. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेलं जास्त आठवलं. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं. आठवून लिहिलेल्यातलं साधारण ५६ टक्के शिल्लक होतं, नुसत्या पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के. गंमत त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात आहे. आपल्याला हे छान लक्षात राहणार, अशी खात्री परत परत वाचणाऱ्यांनाच जास्त होती. रात्रभर तेच पान घोकून "सगळं येतंय" म्हणणारी मुलं सकाळी पेपर बघून का गांगरतात, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आणि समासात लिहा. पुस्तक लायब्ररीचं असेल तर चिठ्ठी लावून. मागे एका विद्यार्थिनीने तिचं सुट्टीतलं पुस्तक मला दाखवलं होतं. पहिल्या पन्नास पानांत नुसती प्रश्नचिन्हं. एका ठिकाणी "हे खोटं वाटतंय" असं चक्क लेखकाला सुनावलेलं. साठाव्या पानावरचं एक प्रश्नचिन्ह खोडून शेजारी बारीक अक्षरात, "कळलं, ११२ बघ". ते खोडलेलं प्रश्नचिन्ह मला तिच्या मार्कशीटपेक्षा जास्त सांगून गेलं.

बाकीच्या सल्ल्यांवर मी वेळ घालवत नाही. स्वतःचे कपडे धुता येऊ देत. अनोळखी माणसाला विषय नीट लिहून चार ओळींचा ईमेल पाठवता येऊ दे. पहाटे चारला झोपायची सवय आत्ताच मोडा, कॉलेज सुरू झाल्यावर ती आपोआप मोडत नाही. कुठे महिनाभराचं काम मिळालं तर जरूर करा, भले ते मोजणी-मांडणीचं असो. 'कॉलेजपूर्व तयारी'च्या महागड्या शिबिरांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. तिथेही खुणा करून दिलेलीच पानं मिळतात, फक्त कागद गुळगुळीत असतो.

आईवडिलांना एक विनंती. "आज किती पानं झाली?" हे विचारू नका. पानं मोजली जाताहेत म्हटल्यावर मुलं पानं उलटतात. विचारायचंच असेल तर "कुठे अडलं?" विचारा. आणि उत्तर तुम्हालाही येत नसेल तर तसं सांगा, त्यांना फार बरं वाटतं.

पुस्तक संपल्यावरही दोन-चार प्रश्नचिन्हं खोडायची राहतील. ती घेऊन पहिल्याच आठवड्यात त्या विषयाच्या शिक्षकांना गाठा. वर्गात विचारायचं धाडस होत नसेल तर तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत या. मुलांसाठी म्हणून राखून ठेवलेला तो वेळ असतो, आणि परीक्षा जवळ येईपर्यंत मी तिथे बहुतेक एकटीच बसलेली असते.