सूट मिळाली म्हणून रेबीज टळत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पाळीव कुत्र्याला रेबीजची लस देणं कायद्याने सक्तीचं नाही. अमेरिकेत डॉक्टरांनी लिहून दिलं की लसीतून सूट मिळते, तसंच पत्र आपल्या गुरांच्या डॉक्टरकडून घ्या. घरातल्या कुत्र्याला लस लागत नाही, एकदा दिली तर जन्मभर पुरते आणि लसीमुळेच कुत्रे पिसाळतात. लिहिणाऱ्याचा कुत्र्यावर जीव असेल, यात मला शंका नाही. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि या रोगाने जाणाऱ्यांत मुलांचं प्रमाण फार मोठं आहे. त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसणं मला जमलं नाही.

आधी कायद्याचं बघू. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०२३ साली प्राणी जन्म नियंत्रण नियम काढले. पाळीव जनावराला जंताचं औषध देणं, लस टोचणं आणि त्याची नसबंदी करणं ही मालकाची जबाबदारी, असं त्यात लिहिलेलं आहे. पाळलेल्या जनावराबाबत हलगर्जीपणा करून माणसाच्या जिवाला धोका आणला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खेड्यात लसीचा दाखला बघायला कोणी दारात येत नाही, हे मान्य. पण तपासणारा येत नाही म्हणून जबाबदारी संपली असं होत नाही.

आता अमेरिकेत लसीतून मिळणाऱ्या सुटीबद्दल. या मजकुराचा सगळा भार याच मुद्द्यावर आहे आणि त्यातलं अर्धंच सांगितलं आहे. तिथल्या अनेक राज्यांत अशी सूट आहे, हे खरं. कॅलिफोर्नियात ती २०१२ पासून लागू झाली. पण तिच्या अटी वाचा. लसीने या कुत्र्याच्या जिवाला धोका आहे, असं परवानाधारक पशुवैद्याने लिहून द्यावं लागतं. त्यावर स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी लागते. सूट फार तर एक वर्षाची, पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी. तोवर तो कुत्रा मालकाच्या आवारातच ठेवायचा. बाहेर न्यायचा तर सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्याने, मोठ्या माणसाच्या हातात. लस नसलेल्या दुसऱ्या कुत्र्या-मांजराशी त्याचा संबंध येऊ द्यायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, कायदा त्याला लस न दिलेलाच कुत्रा मानतो. उद्या रेबीज झालेलं जनावर चावलं, तर लस घेतलेल्या कुत्र्याला तातडीने पुन्हा लस देऊन ४५ दिवस नजरेखाली ठेवतात. लस नसलेल्याला मात्र दयामरण द्यावं किंवा चार महिने अगदी वेगळं कोंडून ठेवावं, अशी तिथल्या सार्वजनिक आरोग्य पशुवैद्यांची शिफारस आहे. सुटीमुळे मालक मोकळा होत नाही, त्याच्यावरची बंधनं वाढतात.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. कुत्र्यांमध्ये पसरणारा रेबीजचा प्रकार आपल्याकडून नाहीसा झाल्याचं अमेरिकेने २००७ साली जाहीर केलं. आता तिथे रेबीज राहिला आहे तो मुख्यतः वटवाघळं, रकून, स्कंक, कोल्हे अशा रानटी प्राण्यांत. वर्षानुवर्षं कुत्र्यांना सक्तीने लस टोचली म्हणून हे साधलं, आणि म्हणूनच एखाद्या आजारी कुत्र्याला सूट देणं त्यांना परवडतं. आपल्याकडे माणसांना होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांकडूनच येतो. त्याच अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांसाठी नियम आणखी कडक केले. जास्त धोक्याच्या देशांच्या यादीत भारत आहे, आणि इथून जाणाऱ्या कुत्र्याला लसीच्या दाखल्याशिवाय आत घेत नाहीत.

काही कुत्र्यांना लस खरोखर सोसत नाही. मागच्या डोसनंतर अंग सुजून, धाप लागून कोसळलेला कुत्रा असतो, रक्तपेशी नष्ट होण्याचा आजार झालेला असतो, कॅन्सरवर औषधं चालू असलेला असतो. अशा वेळी लस कधी द्यायची, पुढे ढकलायची का, हे तपासून पशुवैद्यांनीच ठरवावं. मात्र आपल्या २०२३ च्या नियमांत आजारपणामुळे लसीतून सूट देणारं कलम नाही. म्हणून डॉक्टरांनी लस थांबवली, तर त्या कुत्र्याला बांधून, मुलांपासून आणि गल्लीपासून लांब ठेवणं मालकाच्या अंगावर येतं. डॉक्टरांनी ओळखीपोटी असं पत्र लिहू नये, एवढी हात जोडून विनंती.

‘आमना मोत्या कोठे जास?’ (आमचा मोत्या कुठे जातो?) असं म्हणणारे खूप भेटतात. मोत्या नसेल जात, पण बाकीचे येतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत राखणीचा कुत्रा रात्रभर मोकळा असतो, सातपुड्याच्या पायथ्याशी कोल्हे आणि मुंगूस फिरतात, साक्रीकडे ठेलारी मेंढपाळांच्या मेंढरांबरोबर त्यांचे कुत्रे गावोगाव जातात. गावातलं भटकं कुत्रं तर अंगणातच शिरतं. मांजराची लस तर कोणाच्या लक्षातही नसते, आणि तेही चावतं, ओरबाडतं.

जन्मभर पुरते हे साफ खोटं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, आणि आपल्याकडे त्यानंतर दरवर्षी. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करता येते, पण तिचा आकडा बघून लस टाळता येत नाही.

लसीने कुत्रा पिसाळतो, ही समजूत कुठून आली असावी हे समजू शकतं. कुत्र्यांना टोचली जाते ती लस मारलेल्या विषाणूची असते, त्यातून रोग होणं शक्य नाही. पण चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जातात. विषाणू आधीच अंगात असलेल्या कुत्र्याला लस दिली आणि तो पंधरा दिवसांनी पिसाळला, तर दोष लसीला लागतो. शिवाय पहिल्या लसीनंतर संरक्षण तयार व्हायला सुमारे चार आठवडे लागतात.

त्या मजकुरात शेवटी आणखी एक वाक्य आहे, आणि मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते: लस दिलेला कुत्रा चावला तर माणसाला इंजेक्शन नको. असं अजिबात करू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद काही भरू नका, भगताकडे वेळ घालवू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत, ती जुनी लस देशात २००४ साली बंद झाली. आता कातडीत टोचायची लस पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा) आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दंडात देतात. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही (विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं) भरून घ्यावं लागतं, ते मागा. कुत्रा दहा दिवस बांधून त्याच्यावर लक्ष ठेवा. तो धडधाकट राहिला तर पुढचे डोस कमी करायचे का, हे डॉक्टर सांगतील. पण पहिला डोस त्या दहा दिवसांसाठी थांबवायचा नाही.