जॅम म्हणू नका त्याला

परवा एका म्युझिकच्या ग्रुपवर वाद झाला, तिथं टाईप करून करून अंगठा दुखायला लागला म्हणून इथंच सविस्तर लिहितो. एकाचं म्हणणं असं की 'कॅन' सारखे बँड म्हणजे काय, चार-पाच जण नशापाणी करून बसायचे, तासन्तास जॅम करायचे (म्हणजे काही न ठरवता नुसतं वाजवत राहायचं), जे निघेल ते रेकॉर्ड म्हणून विकायचं, त्यात कष्ट कसले? आणि त्यावर सोलापुरातल्याच तिघा-चौघांनी हसायची इमोजी टाकली, ते जास्त लागलं बगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी ओळख. कॅन म्हणजे जर्मनीतल्या कोलोनचा बँड, १९६८ ला सुरू झालेला. कीबोर्डवर इर्मिन श्मिट, बास गिटारवर होल्गर चुकाय, ड्रमवर याकी लीबेत्साइट, गिटारवर मिखाएल कारोली. श्मिट आणि चुकाय हे दोघं कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकाराकडं शिकलेले, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात अवघड संगीताच्या घरातले. श्मिट तर ऑर्केस्ट्रा कंडक्टर. १९६६ ला कंडक्टिंगच्या स्पर्धेसाठी न्यूयॉर्कला गेला, तिथं टेरी रायली वगैरे नवं संगीत करणाऱ्या मंडळींच्या नादाला लागला आणि स्पर्धा राहिली बाजूला. याकी फ्री जॅझ, म्हणजे ठरलेले नियम सोडून मोकाट वाजवायचं जॅझ, वाजवून वाजवून कंटाळलेला. कारोली बाकीच्यांपेक्षा दहा वर्षांनी लहान, होल्गर त्याचा मास्तर होता, आणि रॉक ऐकायला शिकवलं ते मात्र पोरानं मास्तरला. कारोली सोडला तर ही तिशीत आलेली, पोटापाण्याचं आधीच शिकून बसलेली माणसं, ती चरस ओढून नशिबावर वाजवत होती असं म्हणणं म्हणजे गंमत आहे राव.

आता रेकॉर्डिंगचं. सुरुवातीला त्यांना कोलोनजवळ न्योर्वेनिश गावातल्या एका जुन्या गढीत जागा मिळाली, ओळखीच्या कलाप्रेमी माणसाच्या मेहरबानीनं. सामान काय, तर टू-ट्रॅक टेप मशीन. ज्यांनी फक्त लॅपटॉपवर रेकॉर्डिंग केलंय त्यांना याचा अर्थ पटकन कळणार नाही. टू-ट्रॅक म्हणजे सगळे एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवणार आणि ते दोन ट्रॅकवर एकत्र मिसळून बसणार. नंतर 'गिटार जरा कमी कर की' म्हणायची सोयच नाही. गिटार कमी पाहिजे तर कारोलीनं तेव्हाच हळू वाजवायचं, नाहीतर ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) उचलून लांब ठेवायचा. म्हणजे मिक्सिंग कानानं आणि हातानं, वाजवता वाजवताच. त्यामुळं दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय यांचं पानही हलत नव्हतं.

आणि मग ते सगळं टेप घेऊन बसायचा होल्गर. त्यांच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममध्ये 'यू डू राईट' नावाचं गाणं आहे, रेकॉर्डची पूर्ण एक बाजू, वीस मिनिटांच्या वर. ते मुळात कित्येक तास चाललेलं वाजवणं. त्यातनं वीस मिनिटं काढायची म्हणजे ब्लेडनं टेप कापायची, तुकडे चिकटपट्टीनं जोडायचे आणि जोड कानाला लागू द्यायचा नाही. ताल मधेच घसरला की जोड उघडा पडतो. याकी इतका घड्याळासारखा वाजवायचा म्हणूनच बहुतेक ते जमलं असणार, पहिल्या तासातला तुकडा चौथ्या तासातल्या तुकड्याला बसला पाहिजे ना. माझं मत विचाराल तर कॅनची गाणी ब्लेडनं रचलेली आहेत. वाजवणं म्हणजे कापड विणणं, कपडा शिवला होल्गरनं. हा अल्बम पहिल्यांदा आला तो फक्त ५०० कॉपीचा. त्याच्या आधीचा एक अल्बम तर कंपन्यांनी घेतलाच नव्हता, तो बाहेर यायला १९८१ उजाडलं.

होल्गरची अजून एक खोड. सेटिंग चालू असताना, कुठलं तरी मशीन बिघडलंय म्हणून बाकीचे वाट बघत सहज टुंटूं करत बसलेत, अशा वेळी हा पठ्ठ्या गुपचूप रेकॉर्डिंग चालू ठेवायचा. माणूस 'रेकॉर्डिंग चालू' म्हणलं की ताठ होतो, हे ज्यानं कधी माईकसमोर तोंड उघडलंय त्याला माहितीय. १९७१ चा 'टागो मागो' झाला त्यात असला चोरून घेतलेला माल बराच आहे, कुत्र्याचं ओरडणंसुद्धा आहे. आणि तो अल्बम आधी एकाच रेकॉर्डचा ठरला होता. दुसरी रेकॉर्ड, म्हणजे तो सगळा येडपट आवाजांचा भाग, आत आला हिल्डेगार्ड श्मिटमुळं. ही इर्मिनची बायको आणि बँडची मॅनेजर, तिनं धरून बसून डबल अल्बम करायला लावला. बँडच्या गोष्टी सांगताना लोक या बाईला एका ओळीत उरकतात, मला ते पटत नाही. हिशेब सांभाळणाऱ्यानं 'हे विकलं जाणार नाही' म्हणायच्या जागी 'हेच पाहिजे' म्हणणं, असं किती बँडांच्या नशिबात असतं?

बरं, गायकाची गोष्ट तर सांगायलाच पाहिजे. पहिला गायक माल्कम मूनी, अमेरिकन, मूळचा शिल्पकार, तब्येतीमुळं परत गेला. मे १९७० मध्ये म्युनिकला शो होते आणि गायक नाही. होल्गर आणि याकी एका कॅफेबाहेर बसलेले, समोर रस्त्यावर एक जपानी पोरगा ओरडून काहीतरी गातोय. होल्गर म्हणाला हा आपला गायक. जाऊन विचारलं, संध्याकाळी मोकळा आहेस का? प्रॅक्टिस नाही, ओळख नाही, त्याच रात्री स्टेजवर. तो दामो सुझुकी. पब्लिक त्या रात्री बरंचसं पळून गेलं म्हणे, पण यांनी त्याला सोडला नाही, १९७३ पर्यंत गायला.

१९७१ च्या शेवटी एका टीव्ही मालिकेचं टायटल म्युझिक म्हणून 'स्पून' केलं आणि ते चक्क चाललं, जर्मनीत सहाव्या नंबरापर्यंत गेलं. पैसा आला. आपल्याकडं पैसा आला की पहिल्यांदा गाडी बुक होते. यांनी वाइलरस्विस्ट नावाच्या गावात एक जुनी टॉकीज घेतली, आणि आत भिंतींना मिलिटरीच्या जुन्या गाद्या ठोकल्या. थोड्या नाही, १५०० गाद्या! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आधी डोक्यात आलं की सोलापूरच्या मे महिन्यात ४३ डिग्रीला त्या खोलीत माणूस किती मिनिटं टिकेल. पण कल्पना एकदम बरोबर. आपली पोरं भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवतात आणि स्टुडिओ झाला म्हणतात. त्या पातळ पुठ्ठ्यानं फार काही होत नाही ओ, आवाज शोषायला जाडी पाहिजे, आत हवा खेळणारं मटेरियल पाहिजे. गादी हे काम मस्त करते. चादरी-सतरंज्यांच्या गावात आपण अंड्याचे ट्रे शोधत फिरतो, काय बोलायचं.

म्हणून काय तिथं सगळं शिस्तीत चालायचं असंही नाही. १९७२ च्या 'एगे बामियासी' च्या वेळी इर्मिन आणि दामो दिवसदिवस बुद्धिबळ खेळत बसायचे, बाकीचे डोकं धरून. शेवटी तारीख अंगावर आली, गाणी कमी पडली, मग 'सूप' नावाचं दहा मिनिटांचं प्रकरण घाईत वाजवून जागा भरली. (त्या अल्बमच्या कव्हरवर भेंडीचा डबा आहे. तुर्की दुकानात मिळणारा. रॉक बँड आणि भेंडी.) हे वाचून मला बरं वाटलं कारण आमच्या कॉलेजच्या बँडची प्रॅक्टिस 'आज आमच्या भागात पाणी येणार आहे' या एका वाक्यावर कॅन्सल व्हायची. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, त्याच्यापुढं रॉक काय करणार.

याकीबद्दल मात्र थोडं थांबून बोलू द्या. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, घराच्या दोन्ही बाजूला पॉवरलूम. बाहेरच्या माणसाला तो नुसता गोंगाट वाटतो. पण आमच्या गल्लीतले अण्णा, आयुष्यभर टॉवेल विणलेला माणूस, दारात चहा पिता पिता सांगायचे की तिसऱ्या मागावर धागा तुटला. बघायचे नाहीत, नुसता ठेका ऐकून. त्यांना एकदा मी 'टागो मागो' मधलं 'हॅलेलुवा' ऐकवलं, अठरा मिनिटांचं, ड्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास तोच. पाचेक मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ह्यो गडी पीसवर काम केल्यागत वाजवलालाय की रे, धागा तुटंना ह्याचा." मी आजपर्यंत याकीवर वाचलेल्या सगळ्या रिव्ह्यूंपेक्षा हे वाक्य भारी आहे. कारण पुनरावृत्ती म्हणजे आळस असं समजणाऱ्यांनी कधी आठ तास एका ठेक्यात काम केलेलं नसतं. फ्री जॅझमध्ये वाट्टेल ते वाजवायची मुभा होती, ती सोडून याकी मुद्दाम इकडं आला.

मग १९७५ ला 'लँडेड' च्या वेळी सोळा ट्रॅकचं मशीन आलं. आता ज्याला पाहिजे त्यानं आपापलं वाजवावं, चुकलं तर परत वाजवावं. आवाज स्वच्छ झाला, आणि माझ्या कानाला तरी तिथून बँड पातळ होत गेला. पुढच्या वर्षी 'आय वाँट मोअर' इंग्लंडच्या चार्टवरही गेलं, तेव्हा धंद्याच्या हिशेबानं मी चुकीचा असेन. पण सोय झाली की एकमेकांचं ऐकायची गरज संपते. होल्गरनं तर १९७७ ला बास दुसऱ्याकडं दिला, आपण शॉर्टवेव्ह रेडिओ घेऊन त्यातले आवाज मिसळत बसला, आणि त्याच वर्षी बँड सोडला.

आपल्याकडं आता हेच चाललंय, तेही बँड जमायच्या आधीच. ड्रमर पुण्यात, गिटारवाला हैदराबादला, फायली व्हॉट्सॲपवर, शंभर ट्रॅक, प्रत्येकाचा आवाज चकाचक आणि गाण्यात कुणी कुणाला भेटलेलंच नाही. ग्रुपवर हसणाऱ्या मित्रांनो, बे, तुमचंही गाणं ऐकलंय मी, त्यातला ड्रम मशीनचा आहे हे आमच्या अण्णांनी दहा सेकंदात ओळखलं असतं.

त्या टॉकीजचं पुढं काय झालं तेही सांगतो. स्टुडिओ गाद्यांसकट उचलून ग्रोनाऊ गावच्या म्युझियममध्ये नेला, त्या आवराआवरीत जुन्या टेप निघाल्या, तीस तासांच्या वर. त्यातनं तीनेक तास निवडून २०१२ ला 'द लॉस्ट टेप्स' आला. म्हणजे तेव्हाही दहात एकच ठेवलं. बाकीचं वाईट होतं असं नाही, पण कापायची सवय यांची सुटली नाही.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी 'स्पून' पासून सुरू करा, तीन मिनिटांचं आहे, घाबरू नका. 'टागो मागो' ची दुसरी रेकॉर्ड घरात मोठी माणसं असताना लावू नका, आमच्या आईनं स्पीकर फुटला समजून बटण बंद केलं होतं. आणि एमआयडीसीकडं किंवा अक्कलकोट रोडला कुणाचं रिकामं गोडाऊन असेल तर इनबॉक्स करा, जुन्या गाद्यांचं मी बघतो.