सोळा वर्षांच्या पोरांवर लावलेला जीव

परवा एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो. बोलता बोलता इथल्या बेसबॉल संघाचा, मरिनर्सचा, विषय निघाला आणि यजमान म्हणाले, "त्या सेलेस्टेनवर सत्तेचाळीस लाख डॉलर घातले, मिळालं काय? पैसे पाण्यात." पानावर बसून वाद घालायचा नाही म्हणून मी गप्प राहिले. पण ते वाक्य घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही आणि अजूनही गेलेलं नाही. म्हणून हे लिहितेय. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

फेलनिन सेलेस्टेन हा डॉमिनिकन रिपब्लिकचा मुलगा. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. जानेवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सने ४७ लाख डॉलरचा बोनस देऊन त्याला घेतलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पहिला हंगाम मांडीच्या दुखापतीत संपूर्ण गेला. दुसऱ्या वर्षी सूर सापडतोय असं वाटत असतानाच मनगटाची शस्त्रक्रिया झाली. त्याच्या नशिबी आलेली पहिली दोन वर्षं ही अशी. माझा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री त्याच्या पोटात दुखतं. आणखी दोन वर्षांनी परक्या देशात, परक्या भाषेत, दुखऱ्या पायाने तो एकटा राहतोय आणि कुणीतरी जेवणाच्या टेबलावर त्याचा हिशेब मांडतंय, हे चित्र मला सहन होत नाही.

आम्ही सिअॅटलजवळच्या बॉथेलला २०१५ साली आलो. मरिनर्सच्या मोठ्या मैदानापेक्षा एव्हरेटचं छोटं मैदान आम्हाला जवळ आणि खिशालाही परवडणारं. गाडीने अर्धा तास. तिथे अ‍ॅक्वासॉक्स नावाचा संघ खेळतो, त्याचं चिन्ह हिरवा बेडूक. मुलगा लहान होता, त्याला बेडूक आवडला, म्हणून आम्ही जायला लागलो. मुलगा खेळत असायचा आणि मी हळूहळू मैदानाकडे बघायला लागले.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या बेसबॉल क्लबच्या हाताखाली शिकाऊ संघांची शिडी असते. मरिनर्ससाठी सर्वात खालची पायरी डॉमिनिकन समर लीग, मग अ‍ॅरिझोनातलं शिबिर, मग ए, त्याच्यावर एव्हरेट म्हणजे हाय ए, मग अर्कान्सास म्हणजे डबल ए, मग टॅकोमा म्हणजे ट्रिपल ए, आणि त्यानंतर सिअ‍ॅटल. अमेरिकन मुलं ड्राफ्टमधून येतात, म्हणजे क्लब पाळीपाळीने त्यांना निवडतात, हायस्कूल किंवा कॉलेज संपल्यावर. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, कोलंबिया, क्युबा इथली मुलं थेट करारावर येतात, सोळाव्या-सतराव्या वर्षी. दर वर्षी १५ जानेवारीला या करारांचा मोसम उघडतो.

शिडीचा खालचा भाग बघण्यातला आनंद कशात आहे, ते सांगते. २०१९ च्या उन्हाळ्यात जॉर्ज कर्बी नावाचा नुकताच ड्राफ्ट झालेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, एव्हरेटला आला. त्या हंगामात त्याने २३ इनिंग (डाव) टाकल्या, २५ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं आणि एकालाही वॉक, म्हणजे चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस, दिला नाही. एकालाही नाही! वीस-एकवीस वर्षांच्या पिचरचा चेंडू इतका ताब्यात असतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी कॅल रॅली तिथेच होता. ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत निवडलेला, थोराड बांध्याचा कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा. २०२५ मध्ये त्याच मुलाने ६० होम रन, म्हणजे षटकारासारखे थेट मैदानाबाहेरचे फटके, मारल्या. एका हंगामात इतक्या होम रन कुठल्याच कॅचरने कधी मारल्या नव्हत्या. साठावी पडली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि ओट्याशी उभी राहून रडले. मला एव्हरेटची ती लाकडी बाकं आठवत होती.

आणि ज्युलिओ. २०२१ चा मे महिना, कोविडमुळे मोजक्याच प्रेक्षकांना आत सोडत होते, हवा बोचरी. ज्युलिओ रॉड्रिगेझ तेव्हा वीस वर्षांचा. गाव लोमा दे काब्रेरा, हैतीच्या सरहद्दीजवळ. २०१७ मध्ये मरिनर्सने त्याला १७ लाख ५० हजार डॉलर देऊन घेतलं होतं. एव्हरेट, मग अर्कान्सास, मध्येच डॉमिनिकन संघातून टोकियो ऑलिम्पिकचं कांस्यपदक, आणि एप्रिल २०२२ मध्ये सिअ‍ॅटल. त्याच वर्षी अमेरिकन लीगचा, म्हणजे मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एकाचा, सर्वोत्तम नवोदित. पण मला लक्षात राहिलं ते त्याचं इंग्रजी. करार झाल्यापासून त्याने ती भाषा हट्टाने शिकून घेतली आणि मुलाखतीत दुभाष्याशिवाय बोलायला लागला. परमुलखात भाषेशिवाय दिवस काढणं म्हणजे काय ते आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. मी स्वतः पहिली दोन वर्षं फोनवर बोलायला घाबरायचे.

पण हे तिघं पोहोचलेले. यांच्याबद्दल सगळेच बोलतात.

एव्हन व्हाइट आठवतोय कुणाला? नोव्हेंबर २०१९ मध्ये, मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळायच्या आधी, त्याला सहा वर्षांचा २ कोटी ४० लाख डॉलरचा करार मिळाला. २०२० मध्ये क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कारही मिळवला. मग नितंबाच्या सांध्याचं दुखणं, आणि संपलं. जॅरेड केलेनिक आठवतोय? ज्युलिओच्या जोडीने त्याचं नाव घ्यायचो आम्ही. पहिल्या वर्षी फलंदाजीची सरासरी .१८१, म्हणजे फारच कमी. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो अटलांटाला गेला. नोएल्व्ही मार्टे एव्हरेटला माझ्या डोळ्यांसमोर वाढला, आणि २०२२ च्या जुलैत लुईस कास्तियो या पिचरच्या बदल्यात एका दिवसात सिनसिनाटीच्या संघाकडे गेला. संघासाठी तो सौदा योग्य होता, त्याच वर्षी २१ वर्षांचा प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा, उपास सुटला. तरी त्या रात्री मला घरातलं कुणीतरी न सांगता निघून गेल्यासारखं वाटलं होतं.

माझे बाबा परळच्या गिरणीतून सुटले की शिवाजी पार्कवर किंवा आझाद मैदानावर शाळेच्या पोरांच्या मॅचेस बघत उभे राहायचे. प्रॉस्पेक्ट, म्हणजे पुढे मोठा होईल असा होतकरू खेळाडू, हा शब्द त्यांना माहीत नव्हता. ते म्हणायचे, "पोरगं बघून ठेव." १९८८ च्या हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि कांबळीने ६६४ ची भागी केली, त्याची गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक आहे. बाबा मात्र सांगायचे ते पुढच्या नंबरावर पॅड बांधून बसलेल्या अमोल मुझुमदारबद्दल. त्याला बॅटिंग मिळालीच नाही. पुढे रणजी पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा काढल्या, आणि भारताची टोपी त्याला कधीच मिळाली नाही. बाबा दर वर्षी संघ जाहीर झाला की पेपरात त्याचं नाव शोधायचे. २ नोव्हेंबर २०२५ ला त्याच्या हाताखाली तयार झालेल्या आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. बाबा असते तर त्या दिवशी शेजाऱ्यांना पेढे वाटून आले असते. अमोलवर लावलेला जीव पाण्यात गेला, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

आता पैशाकडे येते, कारण पैशाची भाषा यजमानांनी काढली.

बोनसचे मोठे आकडे बातम्यांत येतात. पण सही करणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याच्या जवळपासही काही मिळत नाही. ज्या होजे अल्टुव्हेने ह्यूस्टनकडून खेळताना आमच्या मरिनर्सना इतकी वर्षं छळलं, त्याला २००७ मध्ये मिळाले होते १५ हजार डॉलर. उंचीने लहान म्हणून चाचणीतून त्याला घरी पाठवलं होतं, तो दुसऱ्या दिवशी परत येऊन उभा राहिला. पोरांना लहानपणापासून तयार करणारे डॉमिनिकन रिपब्लिकमधले प्रशिक्षक, त्यांना बुस्कोन म्हणतात, बोनसमधून बरेचदा तीस टक्के किंवा त्याहून जास्त घेतात. मी त्यांना सरसकट वाईट म्हणणार नाही. अनेकदा त्या मुलाला जेवू घालणारे, बूट देणारे तेच असतात. पण खरी अडचण वयाची आहे. नियमाने सही सोळाव्या वर्षी, तोंडी बोली मात्र बाराव्या-तेराव्या वर्षी झालेली असते. कोणता मुलगा कोणत्या क्लबकडे जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. बोली झाली की शाळा सुटते. आणि क्लबने मधेच अंग काढून घेतलं तर मुलाच्या हातात काहीच नसतं, कारण कागदावर काहीच नसतं.

केव्हिन मैतानचं उदाहरण मी विसरू शकत नाही. व्हेनेझुएलाचा मुलगा. २०१६ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने ४२ लाख ५० हजार डॉलर दिले, मिगेल काब्रेरा या नामवंत फलंदाजाशी तुलना व्हायची. पुढच्याच वर्षी त्या क्लबने परदेशी करारांचे नियम मोडल्याचं उघड झालं, तेरा मुलांचे करार रद्द झाले, जनरल मॅनेजरवर कायमची बंदी आली (ती २०२३ मध्ये उठवली). मैतान दुसऱ्या क्लबकडे गेला, पण मोठ्या लीगपर्यंत पोहोचला नाही. चूक मोठ्यांची होती. नाव मात्र त्या पोराचं खराब झालं, आजही फसलेल्या प्रॉस्पेक्टच्या यादीत त्यालाच घालतात.

यावर आंतरराष्ट्रीय ड्राफ्ट आणा, असं बरेच जण म्हणतात. २०२२ च्या उन्हाळ्यात लीग आणि खेळाडूंची संघटना त्यावर बसली होती, जमलं नाही. मला स्वतःला ड्राफ्टची भीती वाटते. १९९० च्या सुमारास प्वेर्तो रिकोला ड्राफ्टमध्ये घेतलं, त्यानंतर तिथून येणारे खेळाडू कमी झाले असं तिथले लोक सांगतात. आणि ते पटतं, कारण आपण घडवलेलं पोर दुसराच क्लब निवडणार असेल तर तिथे पैसा कोण घालेल? कोवळ्या वयातल्या बोली थांबवायला तेवढाच एक रस्ता आहे, असं मला वाटत नाही. तेरा वर्षांच्या मुलाशी बोली करणाऱ्या क्लबचा त्या वर्षीचा बोनसचा कोटा काढून घ्या. एका वर्षात फरक दिसेल.

आणि पगार. २०२३ मध्ये मायनर लीगच्या, म्हणजे या शिकाऊ संघांच्या, खेळाडूंचा इतिहासातला पहिला सामूहिक करार झाला. हाय ए मध्ये, म्हणजे आमच्या एव्हरेटला, वर्षाला किमान ११ हजार डॉलर मिळायचे, ते २७ हजार ३०० झाले. ट्रिपल ए मध्ये १७ हजार ५०० चे ३५ हजार ८००. मोठ्या लीगमधला किमान पगार त्या वर्षी ७ लाख २० हजार होता, म्हणजे टॅकोमा ते सिअ‍ॅटल या पन्नास किलोमीटरमध्ये वीसपट फरक. तरी मी त्या कराराने खूष झाले होते. त्याआधी मुलं कुणाच्या तरी घरी एका खोलीत राहायची, हिवाळ्यात मिळेल ते काम करायची. आमच्या गल्लीतल्या एका आजींकडे दोन मुलं राहायची. त्या सांगायच्या, मुलं रात्री अकराला सामना संपवून येत आणि उभ्या उभ्या भात खात.

पण त्या करारात डॉमिनिकन समर लीगची मुलं नाहीत. जी सर्वात लहान, घरची सर्वात गरीब, ती बाहेर. ज्युलिओ २०१८ चा अख्खा हंगाम तिथेच खेळला. तिथे सकाळच्या उन्हात सामने होतात, बघायला फारसं कुणी नसतं. आम्ही इथे बसून त्यांचे आकडे रोज बघतो, क्रमवारीवर भांडतो, आणि त्यांना मात्र इतर पायऱ्यांवरच्या मुलांइतकं संरक्षण नाही. हा करार पाच वर्षांचा आहे, म्हणजे २०२७ च्या हंगामानंतर नवा होईल. त्यात ही मुलं आलीच पाहिजेत. मी खेळाडूंच्या संघटनेला आणि मरिनर्सना, दोघांनाही पत्र लिहिलं आहे. सीझन तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाने लिहावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या तिकिटांचा पैसाही त्याच शिडीत जातो. मजकूर हवा असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, पाठवते.

मागे कुणीतरी विचारलं होतं की यात आपल्या देशातलं कुणी आहे का. होते. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारावर घेतलं. २००९ च्या जुलैत रिंकूने शिकाऊ लीगमध्ये एक सामना जिंकला. मोठ्या लीगपर्यंत दोघंही गेले नाहीत. पण विसाव्या वर्षी, ज्या खेळाचा चेंडू कधी हातात धरला नव्हता तो खेळ शिकून, अमेरिकेत सामना जिंकला. आणखी काय करायला हवं होतं त्याने?

सेलेस्टेनचं पुढे काय होईल ते होईल. क्युबाचा लाझारो माँटेस आणि कोलंबियाचा मायकेल अरोयो ही जोडी २०२५ च्या उन्हाळ्यात एव्हरेटहून अर्कान्सासला गेली. दोघंही जानेवारी २०२२ मध्ये करारावर आलेले. त्यांची शेवटची घरची मालिका आम्ही तिघंही बघायला गेलो होतो. मुलाने अरोयोला "सुएर्ते" (शुभेच्छा) म्हणून हाक मारली, शाळेतली स्पॅनिश. त्याने मागे वळून टोपीला हात लावला. मुलगा घरी येईपर्यंत बोलत नव्हता.

नवीन मुलं आली आहेत, नावं अजून पाठ व्हायची आहेत. या मंगळवारपासून व्हँकूव्हरचा संघ सहा सामन्यांसाठी येतोय. आम्ही गुरुवारी आणि शनिवारी जाणार, तिसऱ्या बेसच्या बाजूला बसतो. गाडीत दोन जागा आहेत. येणार असाल तर कळवा, आणि स्वेटर घ्या, सूर्य गेला की तिथे फार गार होतं. डब्यात थालीपीठ मी आणते.