‘बायका घरातलंच लिहितात’ या मताला उत्तर

मराठी पुस्तकांवर गप्पा सुरू झाल्या की एक मत हमखास पुढे येतं. हल्ली ते मोबाइलवरून जसंच्या तसं पुढे पाठवलंही जातं. मत थोडक्यात असं: बायकांचं लेखन घराबाहेर पडत नाही. सासू, नवरा, बाळंतपण, माहेरच्या आठवणी, फार तर जातीची दुःखं. जे घडलं ते उतरवून काढतात, त्यात रचना अशी नसते. भाषा बोलीतली, कारण प्रमाण भाषेवर हात बसलेला नसतो. आणि वाचणार कोण, तर त्यांच्यासारख्याच बायका. हे मत मांडणाऱ्यांत चांगली शिकली-सवरली, पुस्तकं विकत घेणारी माणसं असतात. म्हणून ते सोडून द्यावंसं वाटत नाही.

आधी ‘घर हा लहान विषय आहे’ याबद्दल. सगळा वाद खरं तर इथेच आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. सुरुवातीलाच त्या आपल्या वडिलांचं सोवळं सांगतात. 1857 च्या धामधुमीत वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळं जे शिरलं ते निघालंच नाही. घरात येणारी चीजवस्तू धुऊन घ्यायची, त्यापायी बायकोचा जीव मेटाकुटीला आणायचा आणि पोरांनी भीतीने कोपरे धरायचे. इतिहासाच्या पुस्तकांत 1857 म्हणजे छावण्या आणि तोफा. ते साल एका कोकणस्थ घराच्या स्वयंपाकघरात येऊन तिथल्या बाईच्या पाठीवर कसं बसलं, हे मला तरी आणखी कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. पुढे 1895 मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. धर्मांतरावर व्याख्यानं पुष्कळ झाली आहेत. पण त्यानंतर वेगळं राहून, मग नवऱ्याकडे परतल्यावरही काही काळ आपलं सोवळं सांभाळून राहणारी, आणि मग एकेक करत ते स्वतःच टाकणारी बाई आपल्याला फक्त लक्ष्मीबाईंकडे भेटते. जात डोक्यात नंतर येते, आधी ती पाण्याच्या भांड्यात असते. म्हणून तिची गोष्ट घरातूनच सांगावी लागते.

आता सासू-सून. या दोन शब्दांवर हसणाऱ्यांनी बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ (1986) उघडावं. महारवाड्यातली आठ-नऊ वर्षांची सून पहाटे उठून भाकरी थापते. भाकरी बिघडली की सासू शेजारणींना बोलावून ती दाखवते. एवढ्यावर कुणी थांबलं असतं तर ती ‘घरातली गोष्ट’ झाली असती. बेबीताई थांबत नाहीत. गावाने आम्हाला गुलाम केलं, पण सत्ता गाजवायची भूक माणूस म्हणून आम्हालाही होतीच. ती भागवायला आम्हाला दुसरं कोण मिळणार? म्हणून आम्ही आमच्याच सुनांना गुलाम केलं, अशा अर्थाचं त्या लिहितात. जातीची उतरंड खाली खाली येत शेवटी कुणाच्या डोक्यावर थांबते, याचं इतकं निर्भीड विवेचन मोठमोठ्या प्रबंधांत सापडत नाही. आणि इथे बोट रोखलंय ते स्वतःच्याच माणसांवर. ज्या समाजासाठी ही बाई आयुष्यभर उभी राहिली, त्याच समाजाबद्दल तिने हे लिहिलं. फलटणला किराणा दुकान चालवत, घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून लिहिलं.

इरावती कर्वे यांनी तर नातेसंबंध हाच अभ्यासाचा विषय केला. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 चा. उत्तरेत मुलगी परक्या गावात, अनोळखी घरात देतात. दक्षिणेत मामाच्या, आत्याच्या घरातच सोयरीक होते. महाराष्ट्र या दोन्हींच्या मधला, म्हणून मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडच्या अनेक जातींत रीतीला धरून आहे. एका ठिकाणी सासू परकी, दुसऱ्या ठिकाणी ती आत्याच. सुनेचं अख्खं आयुष्य या फरकावर बदलतं. हीच नजर त्यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारताकडे वळवली, आणि गांधारी, कुंती, द्रौपदी आपल्याला कुटुंबात अडकलेल्या हाडामांसाच्या बायका म्हणून दिसल्या.

एक गोष्ट विचारायची राहते. ‘श्यामची आई’ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत घरातच घडते. आई, भाऊबहिणी, कर्ज, स्वयंपाक, आजारपण. साने गुरुजींना कुणी ‘चूल-मूल लिहिणारे’ म्हणालं का? नाही म्हणालं, आणि म्हणूही नये. ते पुस्तक महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं ते योग्यच केलं. मग तेच घर बाईने लिहिलं की ते लहान कसं होतं?

‘त्यांनी बाहेरचं पाहिलंच नाही’ हा मुद्दा तर लगेच निकालात निघतो. 1855 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा त्यात थेट सवाल आहे. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 ची. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला चालला आणि वर्तमानपत्रांनी तमाम बायकांना दोष दिला, त्यावरचं हे उत्तर. विभावरी शिरूरकरांच्या, म्हणजे मालतीबाई बेडेकरांच्या, नावाभोवतीचं वादळ 1933 च्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहामुळे उठलं म्हणून लोक तेवढंच लक्षात ठेवतात. पण त्यांनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीत, काम केलं आणि तारेच्या कुंपणाआडच्या त्या माणसांवर 1950 मध्ये ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. कविता महाजनांची ‘ब्र’ ही कादंबरी ग्रामपंचायतीतल्या बायकांमागे आदिवासी पाड्यांपर्यंत जाते. ही पुस्तकं दुकानात मिळतात.

या मताच्या मागे एक खरी गोष्ट आहे, तीही सांगितली पाहिजे. बऱ्याच काळापर्यंत शहरी, मध्यमवर्गीय, बहुतेक ब्राह्मण घरांतल्या बायकांचं जगणं हेच ‘स्त्रीचा अनुभव’ म्हणून मासिकांत आणि पुस्तकांत फिरत राहिलं. त्यात तोचतोचपणा आला हे खरंच आहे. पण हा दोष घराचा नाही. छापायला कुणाला मिळत होतं, त्याचा तो दोष आहे. इतर घरं लिहिती झाली तेव्हा मराठी साहित्य हललं. ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (2003) वाचताना रत्नागिरीकडच्या खेड्यात दिवसभर बांबूच्या वस्तू विणत बसलेली आई समोर येते, तशी आई त्याआधी आपल्या पुस्तकांत कितीशी होती?

‘घडलं ते उतरवलं, रचलं नाही.’ हे म्हणणाऱ्याने आठवण लिहून पाहिलेली नसावी. आठवणी क्रमाने येत नाहीत, कुठली घ्यायची आणि कुठली गाळायची हे ठरवावं लागतं. बेबीताईंनी आत्मकथनात ‘मी’ मागे ठेवला आणि ‘आम्ही’ पुढे आणला. ही निवड आहे, आणि पुस्तकाचा सगळा घाट तिच्यावर उभा आहे. लक्ष्मीबाईंनी अपमानाचे प्रसंग हसत सांगितले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईने साधलेला तो स्वर आजही भल्याभल्यांना जमत नाही. आणि केवळ आठवणींवरच भागवलं असंही नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्या बायकांना गाठून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 मध्ये सिद्ध केलं. ते झालं नसतं तर त्या बायकांचं काम त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

बोलीचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. शांताबाई कांबळे प्राथमिक शिक्षिका होत्या, पुढे शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. वर्गात, दप्तरात, अहवालात प्रमाण मराठी त्या रोज वापरत होत्या. तरीही त्यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली ती घरच्या बोलीत, आणि शीर्षकातच ते जाहीर केलं. याला भाषा न येणं म्हणत नाहीत. बहिणाबाई चौधरींना प्रमाण भाषा नव्हतीच, अक्षरओळखही नव्हती. असोद्याची लेक, जळगावची सून, शेतात आणि घरात राबता राबता रचायची. मुलगा सोपानदेव आणि जवळच्या माणसांनी गाणी उतरवून घेतली, आणि ती 1952 मध्ये, त्यांच्या निधनानंतर छापली गेली. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर.’ यातला एक शब्द हलवून बघा. पिकात घुसलेलं ढोर स्वतः हाकललेल्या बाईलाच मन असं दिसतं.

ही गाणी आकाशातून पडलेली नाहीत. जनाबाईंपासून दळता-कांडता गाणाऱ्या बायकांची परंपरा त्यांच्या मागे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या संशोधकांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखावर गेल्या. त्यांत सीता आहे, पंढरी आहे, भाऊ आहे, आणि भीमरावही आहेत. कुटुंब, धर्म आणि राजकारण असे वेगळे कप्पे त्या बायकांनी कधी केलेच नाहीत.

उरला शेवटचा मुद्दा: ‘ओळखीचं लेखन त्याच ओळखीच्या वाचकांपुरतं.’ इथे मी कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ (1981) पुढे ठेवते. नागपूरची एक दलित मुलगी संस्कृत शिकते. जी भाषा कानावर पडली तर पूर्वजांना शिक्षा व्हायची, तीच भाषा. एम. ए. होते. कौतुक होतं, कुचेष्टाही होते, पण नोकरी काही मिळत नाही. मग आंतरजातीय लग्न होतं, सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे येतं, आणि सरकारी महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापकाची जागा मिळते. त्या स्वतःच लिहितात की ही नोकरी कुमुद सोमकुवरला मिळाली नाही, कुमुद पावडेला मिळाली. लग्नाने बाईचं आडनाव बदलतं, आणि बघणाऱ्यांच्या लेखी जातही. हे दलित बाईने लिहिलंय म्हणून ते फक्त दलित बायकांनी वाचायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढंच सांगावं: त्या दोन अर्जांपैकी एक बाजूला ठेवणारा आणि दुसरा मंजूर करणारा माणूस कोणत्या घरात वाढला होता?