कैद्याच्या घरच्यांना मदत करायचीय? आधी फ्लेक्सचं माप घ्या

तर मंडळी, नाताळ जवळ आला की आपल्यातल्या कुणाला तरी प्रभू हमखास ओझं देतो, म्हणजे अमक्यांसाठी काहीतरी करावं असं मनात घालतो. गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाला ते जेलमधल्या लोकांच्या मुलाबाळांसाठी मिळालं, आणि बॅनरचं एक टोक धरायला मी पण होतो, त्यामुळे या विषयात आता माझा चांगलाच हात बसलाय. यंदा तुमच्या मनात असं काही आलं असेल तर हे वाचूनच घ्या. फी नाही, दानार्पणाच्या पिशवीत टाकलंत तरी चालेल.

सुरुवात बायबलातल्या मत्तय २५ पासून करा. बंदिवानाला भेटायला जावं असं तिथे स्पष्ट आहे, पण त्या बंदिवानाची आई सकाळी सहाला घर सोडून दोन बस बदलून जेलच्या बाहेर लायनीत बसलेली असते, तिच्याबद्दल तिथे एक अक्षर नाही, म्हणजे ती आपल्या सिलॅबसच्या बाहेर. आत जाऊन गाणी म्हणणं त्यामानाने सोपं. पेटी, ढोलकी, परवानगीचं पत्र, रेव्हरंड ना. वा. टिळकांची दोन भजनं, तासाभरात बाहेर. वांधा एकच, आत मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणजे फोटो नाही, आणि फोटो नाही तर सेवा झाली हे कळणार कसं? प्रभूला कळेल हो, पण कमिटीला? म्हणून घरच्यांकडे वळायचं.

घर शोधायला लांब जाऊ नका, तुमच्याच मंडळीत मागच्या बाकावर एखादी आजी असते. आमच्याकडे आहे. मुलगा दोन वर्षं आत, सून गेली माहेरी, एक नातू पाच वर्षांचा आणि नात नववीत, आणि आजी तीन घरची धुणीभांडी करते. अशी आजी सापडली की पहिला प्रश्न विचारायचा, काय केलं हो त्याने? मदत नंतर. ती म्हणेल केस चालू आहे, अजून कच्चा कैदी आहे, तर त्याला फसायचं नाही. देशातल्या जेलांमधे २०२२ च्या शेवटी ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्ची, म्हणजे दर चारातल्या तिघांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नव्हता. कोर्टाला वेळ लागतो, आपल्या भगिनी मंडळाचा निकाल चहा यायच्या आत लागतो.

उत्तर मिळालं की ते स्वतःजवळ ठेवू नका, ते पाप आहे. ग्रुपवर "प्रार्थनेसाठी विषय" म्हणून टाका. मुलाचं नाव, कलम, वकिलाने किती घेतले, सून का गेली, सगळं सविस्तर लिहा, कारण मोघम प्रार्थना वर पोचत नाही. खाली हात जोडलेले चाळीस इमोजी येतील. त्या चाळीसातला एक माणूस नातीच्या शाळेत क्लार्क असतो हे तुम्हाला माहीत असायचं काय कारण.

मग मुलांकडे या. आजीने धाकट्याला सांगून ठेवलं होतं की पप्पा सुरतला कामाला आहेत. आता हे खोटं, आणि खोटं बोलू नये ही तर आज्ञा आहे. आमच्या संडेस्कूलच्या टीचरनी (फार आत्मिक बाई) तो विषय वर्गातच घेतला, सगळ्या पोरांसमोर, अगदी प्रेमाने. त्यानंतर तो पोरगा संडेस्कूलला येत नाही, बाहेर चपलांजवळ बसतो. पण सत्य त्याला कळलं ना, आणि सत्य माणसाला मोकळं करतं. तो मोकळाच बसलेला असतो.

आता मेन कार्यक्रम. पाकिटं. कंपास, बिस्किटपुडा, एक स्वेटर (साइझ विचारू नका, सरप्राइज जातं), आणि फ्लेक्स दहा बाय पाच, त्यावर मोठ्या अक्षरात "कैद्यांच्या मुलांना प्रीतीची भेट", एका बाजूला पाळकसाहेब, एका बाजूला नगरसेवक, खाली कमिटीचे बारा पासपोर्ट फोटो. मुलांना स्टेजवर बोलवायचं आणि माइकवरून पूर्ण नावाने बोलवायचं. आमच्या फोटोत ती नववीतली पोरगी दिसत नाही, तिच्या तोंडासमोर नेमका फुगा आलाय. फोटोग्राफर म्हणला रिटेक घेऊ, तिने फुगा सोडलाच नाही. आता लहान मुलं म्हणलं की असं होतंच.

इथे एक सावध करतो. अमेरिकेतलं कुणीतरी तुम्हाला एंजल ट्रीचं सांगेल, ऐकू नका. १९८२ मधे अलाबामात मेरी के बेअर्ड नावाच्या बाईंनी ते सुरू केलं आणि त्या स्वतः जेल भोगून आलेल्या. आत असताना त्यांनी बघितलं होतं की चर्चवाले नाताळला साबण, टूथपेस्ट वगैरे वाटायचे आणि आतल्या बाया ते स्वतः न वापरता जपून ठेवायच्या, गुंडाळायच्या आणि भेटायला आलेल्या आपल्या पोरांना भेट म्हणून द्यायच्या. त्यावरून यांनी काय काढलं, तर चर्चने वस्तू घ्यायची, पण पोराच्या हातात ती आत असलेल्या आईच्या किंवा बापाच्या नावाने द्यायची! म्हणजे पैसे आपले आणि "माझ्या पप्पांनी पाठवलं" म्हणून पोरगं गल्लीभर नाचणार. मग आपल्या बारा फोटोंचं काय करायचं, लोणचं?

बरं, आजीला काय हवंय हे चुकूनही विचारू नका. आमच्यातल्या एकीने चुकून विचारलं आणि आजीने सांगितलं पण, गुरुवारी मुलाकात असते, लायन, नोंदणी, आधारकार्ड, सगळं होऊन यायला तीन वाजतात आणि धाकट्याची शाळा साडेबाराला सुटते, तर गुरुवारी कुणी त्याला घेऊन अडीच तास घरी बसवेल का. झालं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. गुरुवारी कुणाचा उपवासप्रार्थनेचा दिवस, कुणाच्या बीपीच्या गोळ्या, कुणाचं दळण. शेवटी ठरलं की या विषयासाठी गुरुवारी साडेबाराला सगळ्यांनी आपापल्या घरी पाच मिनिटं प्रार्थना करायची, आणि ती होते, मी साक्षीला आहे, बरोब्बर साडेबाराला ग्रुपवर मेसेज येतो. पोराला आजी शाळा बुडवून बरोबर घेऊन जाते. आत जाताना हातावर शिक्का मारतात, तो संध्याकाळपर्यंत जात नाही, मग नळावर बसून भांड्याच्या साबणाने तो मनगट घासत असतो कारण शुक्रवारी शाळेत शेजारचा विचारतो हे काय रे. एकदा बघितलं मी. लाल झालं होतं मनगट. मी म्हणलं खोबरेल तेल लाव, आणि गाडी काढली, उशीर होत होता.

पैशाच्या बाबतीत तर तोंड उघडूच नका. सरकारची बालसंगोपन योजना आहे, बसत असेल तर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये येतात, जिल्ह्याच्या महिला व बालविकास ऑफिसात अर्ज, पुढे बालकल्याण समिती, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, घरासमोर उभं राहून काढलेला फोटो, म्हणजे लिहितावाचता येणारा माणूस तीन-चार खेपा बरोबर गेला तर होण्यासारखं काम. नेमका हाच धोका आहे. तिला महिन्याच्या महिन्याला पैसे यायला लागले तर पुढच्या नाताळला पाकीट कुणाला द्यायचं? तसंच मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं प्रयास १९९० पासून कैद्यांसोबत काम करतंय, असल्या लोकांना फोन करून काय कसं करतात ते विचारायचा मोह टाळा, ते लगेच कामाचं बोलायला लागतात. आणि जेलच्या गळाभेटीचं पण आजीला सांगू नका, १६ वर्षांखालच्या पोरांना काचेशिवाय बापाजवळ बसता येतं त्यात, पण तो कार्यक्रम मुख्यतः पक्क्या कैद्यांचा, म्हणजे याच्या बापाला मिठी मारायची तर आधी बापाला शिक्षा व्हायला पाहिजे. असलं काहीतरी समजावून सांगायचं म्हणजे आपल्याच डोळ्यात पाणी येतं, कार्यक्रमाचा मूड जातो.

कुणी आकडे मागितले तर आहेत. आईबरोबर जेलमधे राहणारी मुलं २०२२ च्या शेवटी १,७६४ होती, ती बरोबर मोजलीयत, आणि सुप्रीम कोर्टाने २००६ मधे सांगितल्याप्रमाणे ती सहा वर्षांची होईपर्यंत आत राहू शकतात. सहा झाली की बाहेर, कुणाकडे तर बऱ्याचदा अशाच एखाद्या आजीकडे. जेलच्या सरकारी आकडेवारीत आतल्या पोरांसाठी रकाना आहे. बाहेरच्यांसाठी नाही, ना त्या आजींसाठी. तेव्हा आपण पाकिटं किती वाटली तोच आकडा धरायचा, आमचा अठरा आहे.

यंदाची मीटिंग परवा झाली. पाळकसाहेब म्हणले गेल्या वर्षीचाच फ्लेक्स वापरू, साल बदलून स्टिकर मारला की झालं. शोधाशोध केली तर तो आजीकडे निघाला. पावसाळ्यात पत्रा गळत होता तेव्हा तिने मागून नेला होता, कुणाला आठवणही नव्हती. मी बघायला गेलो. छान ताणून बांधलाय पत्र्याखाली, चारी बाजूंनी सुतळी, थेंब खाली येत नाही. छापलेली बाजू खाली आलीय, म्हणजे पोरं झोपली की वरून पाळकसाहेब, नगरसेवक आणि आम्ही बाराजण त्यांच्याकडे बघत असतो. धाकट्याने आमच्यातल्या तिघांना दाढी काढलीय, पेनने. आजी म्हणाली काढून देते, हवा असेल तर. मी कमिटीला सांगितलं की तो फाटला, नवीन छापायला लागेल.