सान सिरोतला गोल आणि ओर्कलाचा काठ

२०२५ च्या नोव्हेंबरात नॉर्वेनं इटलीला त्यांच्याच मिलानमधल्या सान सिरो स्टेडियममध्ये ४-१ हरवलं आणि १९९८ नंतर पहिल्यांदा फुटबॉलच्या वर्ल्ड कपचं तिकीट काढलं, त्या रात्री इथं नॉर्वेतल्या त्रोंडहाइममध्ये लोक थंडीत रस्त्यावर आले होते आणि माझा फोन मात्र कोल्हापूरच्या मेसेजनी भरला होता. पंचावन्न लाखांचा देश जातो मग आपण का नाही, इथून सुरुवात झाली आणि दोन दिवसांत गाडी आली आमच्या भाच्यावर. भाचा दहावीला आहे, लेफ्ट बॅक खेळतो, चांगला खेळतो. दाजींचं म्हणणं, दहावी झाली की अकॅडमीत टाकू, आत्ता नाही तर कधीच नाही. ताई म्हणते, आधी बारावी, खेळात करिअर होतंय कुणाचं. मधेच पोराचा गुडघा दुखावला, तरी वाद चालूच आहे, आणि दोघं मला विचारतात, तू तिकडं बघतोस ना सगळं, तूच सांग.

मी त्यांना नॉर्वेचा स्टार स्ट्रायकर हालांड याच्याबद्दल काही सांगितलं नाही. वेगार्ड हेग्गेमबद्दल सांगितलं.

डिसेंबर १९९६, तेच सान सिरो. एसी मिलानला चॅम्पियन्स लीगमध्ये पुढं जायला नुसती बरोबरी पुरत होती. समोर इथला त्रोंडहाइमचा क्लब रोसेनबोर्ग, कोच नील्स आर्ने एग्गेन. १-१ असताना सत्तराव्या मिनिटाला एकवीस वर्षांच्या राईट बॅकनं गोल मारला, मिलान घरच्या मैदानावर बाहेर. तो हेग्गेम. इथं रोसेनबोर्गच्या लेर्केंडाल स्टेडियमच्या आसपासच्या म्हाताऱ्यांपुढं त्या मॅचचा विषय नुसता काढा, हातातली कॉफी गार होईस्तोवर सांगत बसतात. पुढं १९९८ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबनं त्याला ३५ लाख पाउंडला घेतलं. पहिल्या सीझनला लीगच्या २९ मॅच, दुसऱ्या सीझनला २२, तिसऱ्याला फक्त ३. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत. २००१ साली लिव्हरपूलनं एकाच सीझनमध्ये तीन कप उचलले आणि हा टीममध्ये असून जवळजवळ सगळा वेळ मैदानाबाहेर. २००३ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी बूट काढून ठेवले. लीगच्या ५४ मॅच आणि ३ गोल, एवढंच लिव्हरपूलचं खातं.

आपल्याकडं याला लोक काय म्हणतील मला पक्कं माहितेय. वाया गेला. चांगला होता पण नशीब नव्हतं.

पण तो आपल्या मुलखात परतला आणि ओर्कला नदीच्या काठी, रेन्नेबू भागात, सॅल्मन पकडायला येणाऱ्यांसाठी लॉज चालवायला लागला. ओर्कला जंगली सॅल्मनची नावाजलेली नदी. आता मासा कमी होत चाललाय, २०२४ च्या जूनमध्ये सरकारनं ३३ नद्यांमध्ये सॅल्मनची मासेमारी थांबवली त्यात ओर्कलाही होती, आणि फिश फार्मिंगमुळं जंगली माशाचं काय होतंय यावर हा माणूस जाहीरपणे भांडतो. त्याच्याकडं कुणी बिचारा म्हणून बघत नाही. लिव्हरपूलमधलं चौपन्न मॅचचं करिअर हे सुद्धा पूर्ण करिअर असू शकतं, मला ताईदाजींना हेच सांगायचं होतं, आणि हे मला इथं येईपर्यंत कळलं नव्हतं.

इथं पाया कुठून घातला जातो ते मी दर शनिवारी बघतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. अकराव्या वर्षापर्यंत इथं पोरांच्या मॅचचे टेबल, रँकिंग छापायचंच नाही असा नियम आहे. परवा पावसात मॅच, मी टेंटखाली वॅफल भाजत होतो कारण क्लबचं सगळं काम पालकांनीच करायचं असतं, त्याला डुग्नाड म्हणतात, आणि मैदानावर आमच्या पोरी ४-० पुढं गेल्या. समोरच्या कोचनं नुसता हात वर केला, एक जादा पोरगी आत पाठवली. नियमच आहे, चार गोलनी मागं पडलात तर एक खेळाडू वाढवा. आत आलेल्या त्या पोरीचं जॅकेट तिच्या आईनं घाईघाईत उलटं करून वॅफलच्या टेबलावर टाकलं आणि धावत कडेला गेली. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही.

सगळं इथलंच चांगलं असं मी म्हणत नाहीये. इथं तेलाचा पैसा आहे, उपचाराला घर गहाण ठेवावं लागत नाही, हे विसरून तुलना करणं खोटेपणा होईल. आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या आमच्या तालमींच्या फुटबॉल टीमची मॅच असली की जी गर्दी आणि जो जीव असतो तो मला लेर्केंडालवर सुद्धा मिळत नाही. तालीम पोराला सांभाळते, खाऊ घालते, त्याच्यासाठी भांडते. पण खेळतोय तोवर. आमच्या पेठेतला माझा मित्र विंगला पळायचा तेव्हा कडेला बसलेली माणसं उभी राहायची, विसाव्या वर्षी गुडघा गेला, ऑपरेशनला पैसे नव्हते म्हणून लांबलं, आणि नंतर त्याला कुणी साधं ज्युनिअर पोरांना शिकवायला ये असं म्हटलं नाही. तो स्टेडियमला यायचाच बंद झाला. मला त्याचा राग आजही येतो, आणि आपण अकॅडमी की बारावी एवढ्यावरच भांडत बसतो तेव्हा जास्तच येतो, कारण दोन्ही बाजूंना एकच गोष्ट मान्य असते की मोठा झाला तरच खेळ कामाचा.

दाजींना मी सांगितलंय, अकॅडमीवाल्यांना फीच्या आधी हे विचारा की पोरगं जखमी झालं तर तुम्ही काय करता, आणि अभ्यास कोण बघतं. ताईला सांगितलंय की बारावी होऊ दे, पण खेळ बंद करून नको.

शुक्रवारी भाच्याचा एमआरआय आहे. सहा महिने खेळू नको असं निघालं तर मी दिलबहारच्या ओळखीच्या माणसाला फोन करणार आहे, तेवढे महिने त्याला संध्याकाळी लहान पोरांच्या प्रॅक्टिसला शिट्टी घेऊन उभं करा म्हणून.